पेशी डीएनएची नक्कल कशी करते?

एका पेशीच्या दोन पेशी होण्यापूर्वी तिच्यातील सगळ्या डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. या क्रियेला डीएनएचे प्रतिकृतीकरण म्हणतात. जिवाणूंपासून माणसापर्यंत सर्व सजीवांमध्ये ती चालते आणि तिचे मूळ तत्त्व सगळीकडे एकच आहे : डीएनएचे दोन पेड सुटे होतात आणि प्रत्येक जुन्या पेडाच्या आधाराने एक नवा पेड बांधला जातो.

आपल्या शरीरात हे काम अखंड चालू असते. हाडांमधील मज्जेत दर सेकंदाला सुमारे २० लाख लाल रक्तपेशी तयार होतात. आतड्याचे आतले अस्तर काही दिवसांत नवे होते. जखम भरते, केस वाढतात, गर्भ वाढतो, तेव्हाही मागे हीच नक्कल चाललेली असते. ती अडली तर रक्तक्षय होतो, चुकत गेली तर कर्करोग होऊ शकतो. उलट, नको असलेल्या पेशींची किंवा विषाणूंची नक्कल आपण मुद्दाम अडवू शकलो, तर ते औषध ठरते.

## नक्कल नेमकी कशाची?

डीएनए हा दोन पेडांचा पीळ घातलेला लांब रेणू आहे. प्रत्येक पेडावर ॲडेनीन, थायमीन, ग्वानीन आणि सायटोसीन या चार घटकांची रांग असते. त्यांना थोडक्यात ए, टी, जी आणि सी म्हणतात. समोरासमोरच्या पेडांवर ‘ए’ची जोडी नेहमी ‘टी’शी आणि ‘जी’ची नेहमी ‘सी’शी जमते. त्यामुळे एका पेडावर ‘एटीजीसी’ असेल, तर त्याच्यासमोर ‘टीएसीजी’ असणार हे ठरलेलेच.

माणसाच्या बहुतेक पेशींमध्ये ४६ गुणसूत्रे असतात. आईकडून आलेला संच साधारण ३०० कोटी जोड्यांचा आणि वडिलांकडून आलेलाही जवळपास तेवढाच, म्हणजे एकूण सुमारे ६०० कोटी जोड्या. हा सगळा डीएनए सरळ करून टोकाला टोक जोडले, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल. तो ज्या केंद्रकात मावतो, त्याचा व्यास मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी असतो.

जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी १९५३ साली डीएनएची ही दुपेडी रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन आणि मॉरिस विल्किन्स यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या अभ्यासाचा त्यामागे मोठा आधार होता. जोड्या ठरलेल्या असल्यामुळे एक पेड हाती असला की दुसरा तयार करता येतो, हे रचना पाहतानाच लक्षात येण्यासारखे होते. पेशी खरोखर तसेच करते का, हे मात्र सिद्ध व्हायचे होते.

## तीन शक्यता आणि एक प्रयोग

नक्कल होण्याचे तीन मार्ग संभवत होते. जुने दोन्ही पेड एकत्रच राहतील आणि दोन नव्या पेडांची वेगळी जोडी तयार होईल, हा पहिला. जुना पेड आणि नवा पेड अशी प्रत्येक प्रतीत एकेकाची जोडी होईल, हा दुसरा. जुन्या-नव्या तुकड्यांची दोन्ही प्रतींत सरमिसळ होईल, हा तिसरा.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल यांनी १९५८ साली याचा निकाल लावला. त्यांनी ई. कोलाय हे जिवाणू अनेक पिढ्या जड नायट्रोजन असलेल्या खाद्यावर वाढवले. त्यामुळे त्यांचा सगळा डीएनए नेहमीपेक्षा किंचित जड झाला. मग ते जिवाणू साध्या नायट्रोजनच्या खाद्यावर हलवले आणि प्रत्येक पिढीतील डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिशय वेगाने फिरवून पाहिला. या द्रावणात डीएनए आपल्या घनतेनुसार वर किंवा खाली स्थिरावतो.

एका पिढीनंतर सगळा डीएनए जड आणि हलका यांच्या बरोबर मध्ये थांबला. पहिला मार्ग तिथेच बाद झाला. दुसऱ्या पिढीनंतर अर्धा डीएनए मध्ये आणि अर्धा हलक्या जागी दिसला. सरमिसळ होत असती तर असे दोन स्पष्ट पट्टे दिसलेच नसते. म्हणजे दुसरा मार्ग खरा होता. प्रत्येक नव्या डीएनएमध्ये एक पेड जुना असतो आणि एक नवा. म्हणून या पद्धतीला अर्धसंरक्षी प्रतिकृतीकरण म्हणतात.

## प्रत्यक्ष काम कसे चालते?

नक्कल डीएनएच्या कोणत्याही ठिकाणी सुरू होत नाही. त्यासाठी आरंभबिंदू असतात. तिथे हेलिकेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, पेडांमधील जोड्या सोडवत पुढे जाते. बॅगेची चेन उघडावी तसे दोन पेड वेगळे होत जातात. सुटलेले पेड पुन्हा चिकटू नयेत म्हणून काही प्रथिने त्यांना धरून ठेवतात.

पीळ घातलेल्या सुतळीचे पेड मधूनच ओढून वेगळे केले, तर पुढच्या भागातला पीळ आणखी घट्ट होतो. डीएनएचेही तसेच होते. टोपोआयसोमरेज हे विकर पुढच्या बाजूला डीएनए तात्पुरता कापते, ताण मोकळा करते आणि पुन्हा जोडते. हे झाले नाही, तर काही वेळातच नक्कल जागच्या जागी अडकेल.

नवा पेड बांधण्याचे मुख्य काम डीएनए पॉलिमरेज करते. जुन्या पेडावरील अक्षर पाहून त्याच्या जोडीचे अक्षर ते नव्या पेडाला जोडते. आर्थर कॉर्नबर्ग यांनी १९५६ साली ई. कोलायमधून असे पहिले पॉलिमरेज वेगळे केले. १९५९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या विकराला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे त्याला शून्यातून सुरुवात करता येत नाही. आधी असलेल्या पेडालाच ते पुढे वाढवू शकते. म्हणून प्रायमेज हे दुसरे विकर आरएनएचा एक छोटा तुकडा तयार करून देते. पॉलिमरेज तिथून काम सुरू करते. आरएनएचा हा तुकडा पुढे काढून टाकला जातो आणि त्या जागी डीएनए भरला जातो.

दुसरी मर्यादा दिशेची. पेडाच्या दोन टोकांना ५′ आणि ३′ अशी नावे आहेत. पॉलिमरेज नवे अक्षर फक्त ३′ टोकाला जोडू शकते, म्हणजे नवा पेड एकाच दिशेने वाढतो.

## एक पेड सलग, दुसरा तुकड्यांनी

डीएनएचे दोन पेड एकमेकांच्या उलट दिशेने धावतात. त्यामुळे डीएनए उघडत जातो त्या दिशेने एक नवा पेड सलग बांधता येतो. दुसऱ्याची दिशा उलटी असते. तिथे थोडा डीएनए उघडला की पॉलिमरेज मागच्या बाजूला एक तुकडा बांधते. आणखी उघडला की पुन्हा पुढे येऊन नवा तुकडा सुरू करते. शेवटी लायगेज हे विकर सगळे तुकडे सांधते.

हे तुकडे जपानमधील नागोया विद्यापीठातील रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या दांपत्याने शोधले. १९६८ साली त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. या तुकड्यांना आज ओकाझाकी तुकडे म्हणतात. जिवाणूंमध्ये त्यांची लांबी साधारण १,००० ते २,००० अक्षरे असते, माणसात १०० ते २००. रेइजी ओकाझाकी हिरोशिमाचे. १९४५च्या अणुबॉम्बच्या किरणोत्साराचा त्यांना संसर्ग झाला होता. १९७५ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्सुनेको यांनी हे संशोधन पुढे नेले.

तुकड्यांची ही पद्धत किचकट वाटते. पेशीने उलट दिशेने चालणारे दुसरे पॉलिमरेज का बाळगले नाही? याचे उत्तर अचूकतेत आहे, असे मानले जाते. जोडणीसाठी लागणारी ऊर्जा प्रत्येक नवे अक्षर स्वतःबरोबर घेऊन येते. त्यामुळे चुकीचे अक्षर काढून टाकले, तरी पुढचे अक्षर जोडायला अडचण येत नाही. उलट दिशेने बांधणी होत असती, तर ही ऊर्जा वाढत्या टोकावर राहिली असती. मग चुकीच्या अक्षराबरोबर तीही गेली असती आणि काम थांबले असते.

## वेळेचे गणित

ई. कोलाय या जिवाणूत सुमारे ४६ लाख जोड्या आणि एकच आरंभबिंदू असतो. तिथून दोन्ही दिशांना, सेकंदाला जवळपास १,००० अक्षरांच्या वेगाने काम चालते आणि सुमारे ४० मिनिटांत पुरे होते. भरपूर खाद्य मिळाले तर हा जिवाणू २० मिनिटांतही दुभंगतो, कारण पहिली नक्कल पुरी होण्याआधीच तो पुढची सुरू करतो.

माणसात हा वेग खूपच कमी, सेकंदाला ५० अक्षरांच्या आसपास असतो. आपले सर्वांत मोठे गुणसूत्र सुमारे २५ कोटी जोड्यांचे आहे. त्यावर मधोमध एकच आरंभबिंदू असता, तर नुसत्या त्याच्या नकलेला जवळपास एक महिना लागला असता. प्रत्यक्षात सगळे काम साधारण आठ तासांत उरकते, कारण ते हजारो आरंभबिंदूंपासून चालते.

इतक्या ठिकाणी काम चालले असताना एखादा भाग दोनदा नकलला जाण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी पेशी विभाजनाच्या चक्रात आधीच प्रत्येक आरंभबिंदूवर हेलिकेज बसवून ठेवते. नक्कल सुरू झाली की नव्याने हेलिकेज बसवणे बंद होते. एकदा वापरलेला आरंभबिंदू पेशीचे विभाजन होईपर्यंत पुन्हा सुरू होत नाही.

## चुका आणि तीन चाळण्या

नक्कल तीन टप्प्यांवर तपासली जाते.

- योग्य जोडीची निवड. जोडी नीट जमली नाही, तर पॉलिमरेजमध्ये ते अक्षर नीट बसत नाही. एवढ्यावर विसंबले, तर साधारण एक लाख अक्षरांमागे एक चूक होते. म्हणजे प्रत्येक नव्या पेशीच्या वाट्याला सुमारे ६०,००० चुका.
- जागच्या जागी दुरुस्ती. चुकीचे अक्षर जोडले गेले की पॉलिमरेज अडखळते, ते अक्षर कापून काढते आणि पुन्हा प्रयत्न करते. यामुळे चुका साधारण शंभर पटींनी घटून सुमारे ६०० उरतात.
- नंतरची तपासणी. पॉलिमरेज पुढे गेल्यावर दुसरी प्रथिने न जुळलेल्या जोड्या शोधतात, नव्या पेडाचा तेवढा भाग काढतात आणि तो पुन्हा भरून घेतात. चुका आणखी शंभर पटींनी घटतात.

शेवटी साधारण १०० कोटी अक्षरांमागे एक किंवा त्याहूनही कमी चूक उरते, म्हणजे ६०० कोटींत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

तिसऱ्या चाळणीपुढे एक अडचण असते. ‘ए’समोर ‘सी’ दिसला, तर चूक कोणाची? जुना पेड बदलला तर चूक कायमची होईल. ई. कोलायमध्ये जुन्या पेडावर मिथाइल या रासायनिक खुणा असतात आणि नव्यावर त्या थोड्या उशिरा येतात. तेवढ्या अवधीत नवा पेड ओळखता येतो. माणसात नव्या पेडामधील न सांधलेल्या फटी ही ओळख पटवायला मदत करतात. या दुरुस्तीवरील कामासाठी पॉल मॉड्रिच यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

या चाळणीचे महत्त्व ती बिघडलेल्या कुटुंबांमध्ये दिसते. तिच्यासाठी लागणाऱ्या एखाद्या जनुकाची सदोष प्रत काही लोकांना जन्मतः आईकडून किंवा वडिलांकडून मिळते. याला लिंच सिंड्रोम म्हणतात. एखाद्या पेशीतील दुसरी, चांगली प्रतही बिघडली की त्या पेशीत चुका साचू लागतात. अशा व्यक्तींना मोठ्या आतड्याचा, तसेच स्त्रियांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग तुलनेने कमी वयात होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणूनच घरात असे रुग्ण असतील, तर डॉक्टर जनुकीय तपासणी आणि ठरावीक अंतराने आतड्याची दुर्बिणीतून तपासणी सुचवतात.

उरलेली प्रत्येक चूक घातक नसते. बहुतेकींचा काही परिणाम होत नाही. प्रत्येक बाळात आईवडिलांत नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात. त्यांतले बहुतेक वडिलांकडून येतात, कारण पुरुषाच्या शुक्रपेशी तयार करणाऱ्या पेशींमध्ये आयुष्यभर नक्कल चालू राहते. सजीवांच्या उत्क्रांतीला लागणारे वैविध्यही अशाच बदलांतून येते. नक्कल शंभर टक्के अचूक असती, तर पृथ्वीवर आजची जीवसृष्टी दिसली नसती.

## टोकांचा प्रश्न

सरळ गुणसूत्राच्या अगदी टोकाशी आरएनएचा तुकडा काढल्यावर ती जागा भरायला आधार उरत नाही. त्यामुळे प्रत्येक नकलेत टोक थोडे आखूड होते. टोकांवर महत्त्वाची जनुके नसल्याने लगेच नुकसान होत नाही. तिथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे हजारो वेळा लिहिलेली असतात. या भागाला टेलोमिअर म्हणतात. टेलोमिअर फारच आखूड झाले की पेशी विभाजन थांबवते.

टेलोमरेज हे विकर टोके पुन्हा वाढवते. कॅरोल ग्रायडर आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी १९८४ साली टेट्राहायमेना या एकपेशीय जीवात ते शोधले. जॅक शोस्टॅक यांच्यासह त्यांना २००९चे नोबेल मिळाले. शुक्रपेशी आणि अंडपेशी निर्माण करणाऱ्या पेशींत ते काम करते, शरीराच्या बहुतेक पेशींत ते बंद असते. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांमध्ये मात्र ते पुन्हा सुरू झालेले आढळते. त्यामुळे त्या पेशींना विभाजनाची मर्यादा राहत नाही.

## अक्षरे कमी पडली तर : मुंबईतील शोध

विकरे शाबूत असली, तरी अक्षरांचा पुरवठा नसेल तर नक्कल होत नाही. याचा परिणाम, त्याचे कारण कळण्याच्या खूप आधी, मुंबईत दिसला होता.

१९२८ साली इंग्लंडच्या डॉक्टर ल्युसी विल्स मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांना, विशेषतः कापडधंद्यातील गरीब कामगार स्त्रियांना होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा त्या परळच्या हाफकिन संस्थेत अभ्यास करत होत्या. या रक्तक्षयात लाल पेशींची संख्या घटते, पण उरलेल्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या दिसतात. विल्स यांनी रुग्णांच्या आहाराची पाहणी केली. यीस्टचा अर्क, म्हणजे मार्माइट, दिल्यावर त्या स्त्रिया बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

‘टी’ हे अक्षर तयार करायला पेशीला फोलेट लागते. ते नसेल तर मज्जेतील पेशींना डीएनएची नक्कल पुरी करता येत नाही. पण प्रथिने बनवण्याचे काम चालूच राहते. पेशी फुगत जाते, पण दुभंगत नाही. अशा पुष्कळ पेशी मज्जेतच नष्ट होतात आणि रक्तात थोड्याच, पण मोठ्या पेशी पोचतात. परिपक्व लाल पेशीत केंद्रक नसते हे खरे, पण तिला जन्म देणाऱ्या पेशींना नक्कल करावीच लागते. गरोदरपणात गर्भाच्या वाढीसाठीही अक्षरे लागत असल्यामुळे ही उणीव लवकर जाणवते.

आज आपल्या आरोग्यकेंद्रांत गरोदर स्त्रियांना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या लाल गोळ्या देतात. गर्भाचा पाठीचा कणा आणि मेंदू घडवणारी नलिका गर्भधारणेनंतर साधारण चार आठवड्यांत मिटते. तिच्यातील दोष टळावेत म्हणून गरोदर राहण्यापूर्वीपासून फॉलिक ॲसिड घेण्याचा सल्ला दिला जातो.

शरीराला फोलेट वापरता येण्यासाठी बी-१२ जीवनसत्त्वही लागते. बी-१२ प्राणिज पदार्थांतून मिळते. त्यामुळे शाकाहारी लोकांत, विशेषतः दूधदुभते कमी घेणाऱ्यांत, त्याची उणीव सहज होते आणि रक्तक्षय तसाच दिसतो. अशा वेळी नुसते फॉलिक ॲसिड घेतले, तर रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहू शकते. म्हणून दोन्हींची तपासणी महत्त्वाची.

## नक्कल मुद्दाम अडवणारी औषधे

फोलेटशिवाय मज्जेतील पेशी वाढत नाहीत, मग मज्जेतील कर्करोगाचे काय? अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञ यल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली फोलेटसारखे दिसणारे, पण त्याचे काम अडवणारे ॲमिनोप्टेरिन तयार झाले. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी ते रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिले. काही मुलांमध्ये आजाराला उतार पडल्याचे त्यांनी १९४८ साली जाहीर केले. तो तात्पुरता होता, पण या आजारावर औषधाचा उपयोग होऊ शकतो हे त्यातून दिसले. त्याच्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही वापरले जाते.

अशी औषधे कर्करोगाच्या आणि निरोगी पेशी यांच्यात नीट फरक करू शकत नाहीत. ज्या पेशी वेगाने नक्कल करतात, त्यांना त्यांचा फटका बसतो. केमोथेरपीत केस गळणे, तोंड येणे आणि रक्तातील पेशी घटणे हे त्रास यामुळेच होतात.

जंतूंच्या बाबतीत फरक करणे सोपे जाते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक जिवाणूंच्या टोपोआयसोमरेजला अडवते. नागिणीवर दिले जाणारे असायक्लोव्हिर अक्षरासारखे दिसते, पण त्याला पुढचे अक्षर जोडता येत नाही. त्याला क्रियाशील करणारे विकर विषाणूकडेच असल्यामुळे ते मुख्यतः संसर्ग झालेल्या पेशींतच काम करते.

## परीक्षानळीतील नक्कल

पेशीची ही पद्धत आपण प्रयोगशाळेतही वापरतो. कॅरी मलिस यांनी १९८३ साली पीसीआरची कल्पना मांडली. तिच्यात हेलिकेजऐवजी उष्णतेने पेड सुटे केले जातात, तयार आरंभ-तुकडे घातले जातात आणि पॉलिमरेज नक्कल करते. ही उष्णता सोसणारे पॉलिमरेज अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यात सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, त्यामुळे ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या १०० कोटींहून अधिक होऊ शकतात. कोविडच्या काळात नाकातून घेतलेल्या नमुन्यात विषाणूचा माग लागायचा तो याच पद्धतीने. फक्त त्या विषाणूत आरएनए असल्याने आधी त्याचे डीएनएत रूपांतर करावे लागे.